महापालिकेत मंजूर काय झाले? ठराव, उपसूचना आणि मतदानाचा माग कसा काढावा

पुणे महापालिकेच्या मुख्य सभेने १९७० मध्ये एक ठराव केला. स्वतः राहत असलेल्या घराच्या वार्षिक करपात्र रकमेत ४० टक्के सवलत देण्याचा हा ठराव. त्याच्या आधारे पुणेकरांच्या दोन पिढ्यांनी मिळकतकर भरला. लेखापरीक्षणात त्यावर आक्षेप निघाले आणि २०१९ मध्ये राज्य शासनाने तो ठराव विखंडित केला. अनेक घरमालकांना त्याचा पत्ता लागला तो थेट वाढीव बिल व मागील फरकाची रक्कम हाती पडल्यावर. पुढे मोठा गदारोळ झाला, राज्य मंत्रिमंडळाने २०२३ मध्ये सवलत कायम ठेवण्याचा निर्णय घेतला आणि स्वतः राहत असल्याचा पुरावा जोडून पी. टी. ३ अर्ज भरण्यासाठी नागरिकांना क्षेत्रीय कार्यालयांकडे धाव घ्यावी लागली. जवळपास पन्नास वर्षांपूर्वीच्या एका ठरावाचे भवितव्य काय, हे ज्यांनी वेळीच विचारले ते सावध होते. असे नागरिक थोडे होते, हे खेदाने नमूद करावे लागते.

महापालिकेचे निर्णय गुप्त नसतात. मात्र ते ज्या भाषेत लिहिले जातात आणि ज्या टप्प्यांतून जातात, ती वाट सामान्य माणसाला ठाऊक नसते. १५ जानेवारी २०२६ रोजी राज्यातील २९ महापालिकांसाठी मतदान झाले. त्यापूर्वी मुंबई, पुणे, ठाणे, नागपूर आदी शहरांत मार्च २०२२ पासून, तर नवी मुंबई, छत्रपती संभाजीनगर, कल्याण-डोंबिवली, कोल्हापूर व वसई-विरार येथे २०२० पासून प्रशासकांचा कारभार होता. या काळात स्थायी समिती आणि सर्वसाधारण सभा या दोहोंचे अधिकार एकाच अधिकाऱ्याकडे एकवटले होते. विषय मांडणारे प्रशासन आणि त्याला मान्यता देणारेही प्रशासनच. चर्चा, विरोध, मतदान असे काही नोंदले जाण्याचा प्रश्नच नव्हता. त्यामुळे नागरिकांचीच नव्हे, तर प्रथमच निवडून आलेल्या सदस्यांचीही ही सवय नव्याने लागायची आहे.

कायदा कोणता, सभा कोणती?

बृहन्मुंबईसाठी १८८८ चा मुंबई महानगरपालिका अधिनियम लागू आहे. राज्यातील अन्य महापालिकांचा कारभार १९४९ च्या महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमानुसार चालतो. जुन्या कागदपत्रांत त्याचा उल्लेख 'मुंबई प्रांतिक महानगरपालिका अधिनियम' असा आढळतो. नगरपरिषदा व नगरपंचायतींसाठी १९६५ चा वेगळा अधिनियम आहे. कलमांचे क्रमांक निरनिराळे असले, तरी कामकाजाची पद्धत बरीचशी सारखी आहे.

सर्व सदस्यांच्या सभेला पुण्यात मुख्य सभा म्हणतात, ठाणे-नाशिककडे महासभा, मुंबईत नुसते सभागृह. १९४९ च्या अधिनियमाप्रमाणे दर महिन्याला किमान एक सर्वसाधारण सभा झाली पाहिजे आणि ती महिन्याच्या २० तारखेच्या आत भरली पाहिजे. प्रत्यक्षात अनेकदा घडते असे, की २० तारखेला सभा भरते, एखाद्या दिवंगत मान्यवरांना श्रद्धांजली वाहिली जाते आणि सभा तहकूब होते. कायद्याचे पालन झाले, कामकाज मात्र पुढच्या तारखेला. गणपूर्तीअभावीही सभा तहकूब होतात. म्हणून 'अमुक महिन्याची सभा' प्रत्यक्षात दोन-तीन महिन्यांनी पार पडल्याचे इतिवृत्तात दिसले तर गोंधळून जाऊ नये. इतिवृत्तात मूळ सभेचा महिना आणि प्रत्यक्ष कामकाजाची तारीख, अशा दोन्ही नोंदी असतात. ठरावाचा शोध घेताना दोन्ही टिपून ठेवाव्यात.

पैशाचे निर्णय मात्र मुख्यतः स्थायी समितीत होतात. या समितीत १६ सदस्य असतात. मुंबईत ही संख्या २७ आहे. पक्षांच्या संख्याबळानुसार सदस्य नेमले जातात आणि निम्मे सदस्य आळीपाळीने निवृत्त होतात. समितीची बैठक आठवड्यातून एकदा होणे अपेक्षित असते. ठरावीक रकमेपुढील निविदा, करारनामे, मुदतवाढ, वाढीव खर्चाला मान्यता हे सारे विषय येथे येतात. रस्त्याचे काम रखडले म्हणून सर्वसाधारण सभेचे वृत्तांत चाळणारा नागरिक बऱ्याचदा चुकीच्या दारावर उभा असतो. त्याने पाहायला हवे होते ते स्थायी समितीचे कामकाज. मुंबईत याखेरीज सुधार, शिक्षण व बेस्ट समित्या, पुण्यात शहर सुधारणा, विधी, महिला व बालकल्याण अशा समित्या आहेत. त्यांच्या शिफारशी पुढे मोठ्या सभेकडे जातात.

विषयपत्रिकेचे वाचन

सर्व गोष्टींचे मूळ विषयपत्रिकेत आहे. सभेची सूचना नियमित सभेसाठी साधारणपणे पूर्ण सात दिवस आधी काढावी लागते. ती नगरसचिव कार्यालयातून निघते. मुंबईत या पदाला महानगरपालिका चिटणीस म्हणतात. शहरातील एका निर्णयाचा माग काढायचा असेल, तर आयुक्तांच्या किंवा महापौरांच्या दालनापेक्षा या कार्यालयाचा उपयोग अधिक. येथील लिपिकांना कोणता विषय कोणत्या सभेपासून तुंबला आहे, हे तोंडपाठ असते.

विषयपत्रिकेतील प्रत्येक विषयाला क्रमांक असतो आणि त्याखाली तो कोठून आला याची नोंद असते: आयुक्तांचे पत्र, समितीची शिफारस किंवा सदस्यांचा प्रस्ताव. हा भेद महत्त्वाचा आहे. आयुक्तांकडून आलेल्या विषयामागे खात्याची छाननी, खर्चाचा अंदाज व तरतुदीचा तपशील असतो. सदस्यांच्या प्रस्तावावर सूचक व अनुमोदक अशी दोन नावे असतात आणि प्रशासनाचा अभिप्राय बहुधा यायचा असतो. मुंबईत सदस्याने मांडलेली ठरावाची सूचना सभागृहाने मंजूर केली, तरी ती आयुक्तांकडे अभिप्रायासाठी जाते. अभिप्राय प्रतिकूल आला की प्रकरण बऱ्याचदा तेथेच थांबते. 'मागणी मंजूर' अशी पत्रके चौकाचौकात लागतात तेव्हा हा अर्धा प्रवासच झालेला असतो.

विषयपत्रिकेत नसलेले विषय ही वेगळीच गोष्ट आहे. सभा संपत आली असता 'आयत्या वेळचे विषय' म्हणून काही प्रस्ताव दाखल होतात. वरकरणी तातडीचे असलेले हे विषय अनेकदा तसे नसतात. त्यांची पूर्वसूचना नागरिकांना नसते; कित्येकदा विरोधी सदस्यांनाही नसते. त्यांचा पत्ता नंतर इतिवृत्तातच लागतो.

याच जातीची दुसरी वस्तू म्हणजे उपसूचना. मूळ प्रस्तावात दुरुस्ती सुचवण्याचे ते साधन आहे. परंतु एखाद्या उद्यानाच्या नामकरणाच्या विषयाला भलत्याच रस्त्याच्या खर्चाची उपसूचना जोडली जाते, ती वाचून न दाखवता 'उपसूचनेसह मंजूर' असे पुकारले जाते आणि सभागृह पुढच्या विषयाकडे वळते. पुणे व पिंपरी-चिंचवडच्या महापालिका वार्तांकनात 'विसंगत उपसूचना' हा शब्दप्रयोग चांगलाच रुळला आहे. म्हणून ठराव मिळवताना केवळ मूळ प्रस्तावाची प्रत घेऊन समाधान मानू नये. 'उपसूचनेसह' हा शब्द दिसला की त्या उपसूचनेची प्रत स्वतंत्रपणे मागावी. निर्णयाचा खरा आशय पुष्कळदा तेथेच असतो.

मंजूर, नामंजूर आणि मधले सारे

विषयावर मंजूर किंवा नामंजूर एवढेच दोन शेरे असते तर काम सोपे होते. 'दप्तरी दाखल' म्हणजे प्रस्ताव फेटाळला नाही, पण गुंडाळून ठेवला. 'एक महिना पुढे' म्हणजे निर्णय टाळला. असा शेरा सलग पडत गेला की त्या विषयावर पडद्याआड रस्सीखेच चालू असल्याचे खुशाल समजावे. 'अभिप्रायासाठी प्रशासनाकडे' म्हणजे चेंडू आयुक्तांच्या अंगणात. 'फेरविचार' म्हणजे आधी झालेला निर्णय पुन्हा चर्चेला. सर्वसाधारण सभेचा ठराव मंजूर झाल्यापासून तीन महिन्यांच्या आत बदलायचा किंवा रद्द करायचा असेल, तर एकूण सदस्यसंख्येच्या किमान निम्म्या सदस्यांचा पाठिंबा लागतो. उपस्थितांचे बहुमत पुरत नाही. सत्तांतरानंतर जुने निर्णय फिरवण्याच्या घोषणा होतात, त्या ऐकताना हे ध्यानात ठेवलेले बरे.

अर्थसंकल्पाच्या संदर्भात 'वर्गीकरण' हा शब्द ओळखीचा करून घ्यावा. एका कामासाठी ठेवलेली तरतूद दुसऱ्या कामाकडे वळवणे असा त्याचा अर्थ. मार्चमध्ये सभागृहाने टाळ्यांच्या गजरात मंजूर केलेला पादचारी पूल डिसेंबरात कोठे गेला, याचे उत्तर बहुधा वर्गीकरणाच्या एखाद्या प्रस्तावात सापडते. पुण्यात 'स' यादी म्हणून ओळखली जाणारी, प्रभागातील छोट्या कामांची जंत्री अंदाजपत्रकाला जोडलेली असते. आपल्या गल्लीत येत्या वर्षात काय होणार, हे पाहण्यासाठी जाड अंदाजपत्रकातील ही यादी सर्वांत उपयोगाची. करदात्यांच्या दृष्टीने २० फेब्रुवारी ही तारीखही महत्त्वाची आहे. १९४९ च्या अधिनियमानुसार पुढील वर्षाच्या करांचे दर सभेने या तारखेपर्यंत ठरवायचे असतात. करवाढीला विरोध करायचा तर तो जानेवारीत, स्थायी समितीकडे प्रस्ताव असतानाच व्हायला हवा. एप्रिलमध्ये बिल हाती आल्यावर काढलेल्या मोर्चाला सहानुभूतीपलीकडे फारसे काही मिळत नाही.

कोणी कोणते मत दिले?

आपल्या नगरसेवकाने अमुक प्रस्तावावर मत कसे दिले, हा प्रश्न नागरिक क्वचित विचारतात. विचारला तरी उत्तर दर वेळी मिळत नाही. कारण बहुतेक विषय आवाजी पद्धतीने, 'एकमताने मंजूर' अशा पुकाऱ्यात संपतात. पीठासीन अधिकाऱ्याने निर्णय जाहीर करून त्याची नोंद झाली की ती ग्राह्य मानली जाते. सदस्यांनी मतविभागणीची मागणी केली, तरच प्रत्यक्ष मोजणी होते. आणि तशी ती झाली की बाजूने व विरोधात मत देणाऱ्यांची नावे इतिवृत्तात नोंदवावी लागतात. महापालिकांच्या बोलीत याला 'पोल' म्हणतात. मते समसमान झाल्यास पीठासीन अधिकाऱ्यास निर्णायक मताचा अधिकार असतो. एखाद्या विषयात ज्या सदस्याचा आर्थिक हितसंबंध आहे, त्याने त्यावरील चर्चेत वा मतदानात भाग घेता कामा नये. स्वीकृत सदस्यांना चर्चेत बोलता येते, पण सभागृहात मताचा अधिकार नाही. राज्यघटनेतच तशी तरतूद आहे.

नोंदलेल्या मतांची किंमत किती असते, हे दोन प्रसंगांवरून दिसते. नवी मुंबईचे तत्कालीन आयुक्त तुकाराम मुंढे यांच्यावरील अविश्वास ठराव २५ ऑक्टोबर २०१६ रोजी १०४ विरुद्ध ६ मतांनी मंजूर झाला. आयुक्तांविरुद्धच्या अशा ठरावास एकूण सदस्यसंख्येच्या किमान पाच-अष्टमांश मते लागतात. १११ सदस्यांच्या त्या सभागृहात ७० मते पुरेशी होती. तरीही राज्य शासनाने मुंढे यांना त्या वेळी हटवले नाही. त्यांची बदली झाली ती मार्च २०१७ मध्ये. कोण कोठे उभे होते, हे मात्र शहराला नावानिशी कळले.

दुसरा प्रसंग मुंबईचा. आरे येथील मेट्रो कारशेडसाठी २,१८५ झाडे तोडण्याचा व ४६१ झाडांचे पुनर्रोपण करण्याचा प्रस्ताव महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणापुढे २९ ऑगस्ट २०१९ रोजी आला. नागरिकांच्या हजारो हरकती दाखल असताना तो ८ विरुद्ध ६ मतांनी मंजूर झाला. नंतर प्राधिकरणावरील काही तज्ज्ञ सदस्यांनीच मतदानाची प्रक्रिया घाईने उरकल्याची तक्रार केली. उच्च न्यायालयाने ४ ऑक्टोबरला याचिका फेटाळल्या, त्याच रात्री झाडे तोडण्यास प्रारंभ झाला आणि ७ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने वृक्षतोड थांबवली. तोवर बहुतेक झाडे पडली होती. अवघ्या दोन मतांच्या फरकाने झालेला हा निर्णय ना सर्वसाधारण सभेचा होता ना स्थायी समितीचा. १९७५ च्या झाडांच्या जतनासंबंधीच्या कायद्याने स्थापन झालेल्या या छोट्या प्राधिकरणाच्या बैठकांकडे त्यापूर्वी फार थोड्यांचे लक्ष असे.

येथे एक व्यावहारिक अडचण आहे. मुंबईत २२७ प्रभाग व प्रत्येकी एक नगरसेवक अशी सरळ रचना असल्याने जबाबदार कोण हे स्पष्ट असते. पुण्यात ४१ प्रभागांत १६५ सदस्य आहेत. ४० प्रभागांत प्रत्येकी चार आणि एका प्रभागात पाच. प्रश्न विचारला की चौघेही एकमेकांकडे बोट दाखवतात, अशी तक्रार सर्रास ऐकू येते. त्यावर उपाय एकच: प्रश्न एकाला न विचारता चौघांनाही एकाच पत्राने, विषय क्रमांक व सभेची तारीख घालून विचारणे. शिवाय पक्षादेश निघाला असेल तर सदस्याचे मत त्याचे स्वतःचे असेलच असे नाही. पक्षादेश झुगारणाऱ्या सदस्यावर १९८६ च्या अनर्हता कायद्याखाली पद गमावण्याची टांगती तलवार असते.

सभागृहात आणि दप्तरात

महापालिकेची सभा जनतेसाठी खुली असते. उपस्थित सदस्यांच्या बहुमताने तसा ठराव केला, तरच एखादा विषय बंद दाराआड घेता येतो. प्रेक्षकांच्या सज्जात बसण्यासाठी बहुतेक ठिकाणी पास लागतो. तो नगरसचिव कार्यालयातून वा नगरसेवकांमार्फत मिळतो. सज्जातून घोषणा देणाऱ्यांना बाहेर काढण्याचा अधिकार पीठासीन अधिकाऱ्याला आहे आणि तो वापरला जातो. स्थायी समितीच्या बैठकीला नागरिकांना सहसा बसू दिले जात नाही. तेथे काय झाले हे समजण्यास बैठकीनंतरची पत्रकार परिषद आणि यथावकाश येणारे इतिवृत्त, एवढीच साधने उरतात.

इतिवृत्तात उपस्थित सदस्यांची नावे व कामकाजाची नोंद असते, पुढील सभेत ते कायम होते आणि त्यावर पीठासीन अधिकाऱ्याची स्वाक्षरी होते. महापालिकेच्या मुख्य कार्यालयात कोणाही व्यक्तीला नाममात्र शुल्क भरून ते पाहता यावे, अशी तरतूद कायद्यात माहितीच्या अधिकाराच्या कितीतरी आधीपासून आहे. ती सांगितली की पुष्कळ कर्मचारी चकित होतात. तेव्हा माहिती अधिकार कायदा, २००५ हा हुकमी पत्ता हाती ठेवावा. अर्जाचे शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे अर्ज एकाच विषयावर आणि साधारण १५० शब्दांत असावा. 'आमच्या भागातील सर्व ठराव द्या' अशा अर्जाला 'माहिती व्यापक स्वरूपाची आहे' असे ठरलेले उत्तर मिळते. त्याऐवजी सभेची तारीख, विषय क्रमांक, ठराव क्रमांक देऊन ठराव, उपसूचना, आयुक्तांचा अभिप्राय आणि मतविभागणीची नोंद या चार कागदांच्या प्रती मागाव्यात. नस्ती पाहण्याची मागणीही करता येते. पुणे महापालिकेत दर सोमवारी दुपारी तीन ते पाच या वेळेत नागरिकांना कागदपत्रे पाहू देण्याची प्रथा माहिती अधिकार कार्यकर्त्यांच्या पाठपुराव्यातून सुरू झाली. २०१८ मध्ये शासनाने स्थानिक स्वराज्य संस्था व जिल्हा कार्यालयांसाठी तीच पद्धत सांगणारा आदेश काढला. कार्यालयात जाताना या आदेशाची प्रत बरोबर असल्यास वादावादी कमी होते.

ठरावानंतरचा प्रवास

सभागृहाने केलेला प्रत्येक ठराव अमलात येतो, असे नाही. काही ठरावांना राज्य शासनाची मंजुरी लागते. मुंबईत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना मालमत्ता कर माफ करण्याचा ठराव सभागृहाने २०१७ मध्ये केला. २०१९ मध्ये शासनाने प्रत्यक्षात फक्त सर्वसाधारण कराचा भाग माफ केला, बाकीचे उपकर चालूच राहिले. संपूर्ण माफीचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला तो जानेवारी २०२२ मध्ये. मधल्या पाच वर्षांत 'कर माफ झाला ना?' हा प्रश्न घेऊन किती मुंबईकरांनी विभाग कार्यालयाच्या पायऱ्या झिजवल्या असतील, याची कल्पना केलेली बरी. विकास आराखड्याची गोष्ट याहून गुंतागुंतीची. जुन्या हद्दीचा आराखडा पुणे महापालिकेने मुदतीत पूर्ण न केल्याने शासनाने २०१५ मध्ये तो ताब्यात घेतला आणि २०१७ मध्ये मंजूर केला. आराखड्यातील आरक्षण बदलण्याच्या ठरावांवर हरकती मागवल्या जातात, तेव्हा साधारण महिनाभराची मुदत असते. जाहीर सूचना वर्तमानपत्रात लहान टायपात येते. घराशेजारचे मैदान ज्यांना टिकवायचे आहे, त्यांनी ही पाने डोळ्यांखालून घातलीच पाहिजेत.

अन्य ठराव शासनाला कायद्याशी विसंगत अथवा जनहिताविरुद्ध वाटले, तर १९४९ च्या अधिनियमाच्या कलम ४५१ अन्वये ते निलंबित वा विखंडित करता येतात. आधी अंमलबजावणी स्थगित होते, महापालिकेला म्हणणे मांडण्याची संधी मिळते, मग अंतिम आदेश निघतो. महापालिकेने आपले म्हणणे मांडलेच नाही किंवा मोघम मांडले, तर त्याचा भुर्दंड नागरिकांवर पडतो. म्हणून निलंबनाची बातमी आल्यावर 'महापालिकेने शासनाला काय उत्तर पाठवले', ही माहिती ताबडतोब मागावी. अंतिम आदेश होईपर्यंत थांबण्यात अर्थ नसतो.

नागरिकांनी थेट बोलावे यासाठीही कायद्यात जागा आहे. ७४ व्या घटनादुरुस्तीने तीन लाखांहून अधिक लोकसंख्येच्या शहरांत प्रभाग समित्या आल्या. २००९ मध्ये राज्याने कायद्यात बदल करून क्षेत्रसभेची तरतूद केली, ग्रामसभेच्या धर्तीवर. पुण्यात २००६-०७ पासून नागरिकांच्या सहभागातून अंदाजपत्रक हा उपक्रम सुरू झाला. क्षेत्रीय कार्यालयांत अर्ज देऊन लोक आपल्या भागातील छोटी कामे सुचवू शकतात. या तीनपैकी क्षेत्रसभा बहुतेक शहरांत कागदावरच राहिली आहे. ती बोलावण्याची जबाबदारी प्रभागातील निवडून आलेल्या सदस्यांची असून, ती का घेतली नाही, हे लेखी विचारता येते. प्रभाग समितीची बैठक मात्र क्षेत्रीय वा विभाग कार्यालयात होते, तिचीही विषयपत्रिका निघते आणि ती मुख्य इमारतीतील विषयपत्रिकेपेक्षा वाचायला कितीतरी सोपी असते.